अर्भकांची हृदयशस्त्रक्रिया व मेंदूचे निरीक्षण

जन्मजात हृद्विकार असलेल्या अर्भकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालू असताना आणि तीनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत त्याच्या मेंदूच्या क्रियाशीलतेची अखंड नोंद ठेवण्याची पद्धती. या नोंदीसाठी मुख्यत्वे विद्युत् मस्तिष्कालेखनाचा (मेंदूतील सूक्ष्म विद्युत् बदल कवटीवर लावलेल्या विद्युत् अग्रांच्या साहाय्याने आलेखरूपात नोंदण्याच्या तंत्राचा) उपयोग करतात. त्याच्या जोडीला मेंदूतील ऑक्सिजनाचे प्रमाण प्रकाशाच्या साहाय्याने आणि रक्तप्रवाहाचा वेग श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या) ध्वनितरंगांच्या साहाय्याने मोजतात.

दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ८ ते ९ अर्भकांच्या हृदयरचनेत काही ना काही दोष असतो. त्यांपैकी सुमारे चौथ्या भागाला वयाच्या पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार करावा लागतो. शल्यचिकित्सकाचे सर्व लक्ष हृदयावर असते आणि ते तसे असणे योग्यही आहे. परंतु हृदय थांबवून केलेल्या शस्त्रक्रियेची खरी किंमत मोजावी लागण्याचा संभव असतो तो मेंदूला. शरीराच्या नेहमीच्या तापमानात रक्तपुरवठा पूर्ण बंद झाल्यास चार-पाच मिनिटांतच मेंदूतील तंत्रिका कोशिकांना इजा पोहोचू लागते. त्याच अवधीत हृदयाच्या किंवा इतर स्नायूंच्या ऊतकाची फारशी हानी होत नाही. झालेली इजा लगेच दिसतेच असे नाही. मूल वाचते, घरी जाते, दूध पिते, हसते. आणि काही वर्षांनी ते शाळेत जाऊ लागले म्हणजे त्याला अक्षरे जुळवता येत नाहीत किंवा पेन्सिल नीट धरता येत नाही, असे आढळते. या दोन प्रसंगांमधील दुवा शोधण्याच्या प्रयत्नांतून प्रस्तुत शास्त्रशाखा वाढली.

विद्युत् आलेखनाचा उगम : लिव्हरपूलचे वैद्य रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्ये ससे व माकडे यांच्या उघड्या मेंदूवर गॅल्व्हानोमीटरची टोके ठेवून क्षीण विद्युत् प्रवाह आढळल्याचे जाहीर केले. मानवी मेंदूची अशी नोंद करण्यास त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे लागली. जर्मनीतील येना येथील मानसचिकित्सक हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये ती प्रथम केली व पाच वर्षे स्वतःच्याच निष्कर्षांची पुनःपुन्हा तपासणी करून १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. बेर्गर यांनी आरंभी वापरलेले तंतू-गॅल्व्हानोमीटर हे उपकरण मूलतः हृदयाच्या विद्युत् आलेखासाठी तयार झालेले होते आणि त्याचे जनक व्हिलेम आइन्टहोव्हेन यांना त्याच १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. बेर्गर यांच्या म्हणण्यावर समकालीनांनी फारसा विश्वास ठेवला नाही. केंब्रिज येथे एड्रिअन व मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये तेच प्रयोग करून दाखविल्यावर मात्र शंकेला जागा उरली नाही. शुद्धिहरणाची (भूल देण्याची) खोली वाढत जाते तसा आलेख बदलतो व म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी तो उपयोगी पडेल, हे गिब्ज दांपत्य व लेनॉक्स यांनी अमेरिकेत १९३७ मध्येच सुचविले होते.

अर्भकाचा आलेख हा मात्र प्रौढाच्या आलेखाची लहान आवृत्ती नव्हे. पॅरिस येथे कोलेट द्रेफ्यूस-ब्रिसाक व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात अकाली जन्मलेल्या व पूर्ण दिवसांच्या अर्भकांचे आलेख घेऊन असे दाखविले की, गर्भावस्थेच्या आठवड्यागणिक आलेखाचे स्वरूप बदलत जाते. पूर्ण दिवसांच्या निरोगी अर्भकाच्या शांत झोपेत काही सेकंद उंच लाटा, काही सेकंद जवळजवळ शांतता, पुन्हा लाटा असा क्रम दिसतो. प्रौढात असा आलेख दिसल्यास तो गंभीर आजाराचे चिन्ह ठरेल. येथे ती केवळ वयाची खूण असते. हे ज्ञान पदरी नसते, तर पुढील काळातील नोंदींचा अर्थ लावणे अशक्य झाले असते.

हृदयाच्या आत प्रवेश : बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये जन्मानंतर उघडी राहिलेली रोहिणी-वाहिनी बांधली आणि बॉल्टिमोर येथे १९४४ मध्ये ॲल्फ्रेड ब्लेलॉक, हेलन टॉसिग व व्हिव्हियन टॉमस यांच्या प्रयत्नांतून नील अर्भकासाठी रोहिणी जोडण्याची शस्त्रक्रिया सिद्ध झाली. या दोन्ही शस्त्रक्रिया हृदयाबाहेरच्या रक्तवाहिन्यांवरील होत्या व हृदय चालूच राहत असे. हृदय उघडावयाचे तर रक्ताभिसरण थांबविणे भाग होते आणि मेंदूची चार मिनिटांची मर्यादा आड येत होती. टोराँटोचे विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, शरीर थंड केल्यास चयापचय (शरीरात सतत चालणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडी) मंदावतो, ऑक्सिजनाची गरज घटते व रक्ताभिसरण काही मिनिटे अधिक थांबविता येते. त्या आधारावर मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुइस यांनी २ सप्टेंबर १९५२ रोजी पाच वर्षांच्या मुलीला थंड करून तिच्या दोन अलिंदांमधील पडद्याचे छिद्र शिवले. अभिसरण सुमारे साडेपाच मिनिटे बंद होते. पुढील वर्षी, ६ मे १९५३ रोजी, फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृद्-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली.

यंत्र मोठे व अर्भक लहान, ही अडचण तरीही कायम होती. मिनेसोटातीलच वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये तीवर काढलेला उपाय आज अविश्वसनीय वाटतो. त्यांनी सुमारे वर्षाच्या एका मुलाच्या रक्तवाहिन्या त्याच्या वडिलांच्या रक्तवाहिन्यांना नळ्यांनी जोडल्या. शस्त्रक्रिया चालू असताना मुलाच्या मेंदूला रक्त पुरविण्याचे काम पित्याचे हृदय करीत होते. ते मूल पुढे अकराव्या दिवशी फुप्फुसशोथाने (न्यूमोनियाने) दगावले. पण या पद्धतीने केलेल्या ४५ शस्त्रक्रियांपैकी २८ रुग्ण बरे होऊन घरी गेले. एका शस्त्रक्रियेत दोन जीव धोक्यात घालणारी ही पद्धत फार काळ टिकणे शक्य नव्हते. रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी १९५५ मध्ये गिबन यांचे यंत्र सुधारून नियमित वापरात आणले आणि तेथील शुद्धिहरणतज्ज्ञांनी यंत्रावर असलेल्या रुग्णांचे विद्युत् मस्तिष्कालेख घेऊन १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्राकडून होणारा प्रवाह अपुरा पडला की आलेखातील लाटा मंदावतात, हे अशा नोंदींतून दिसून आले. मेंदूचे निरीक्षण अशा रीतीने हृद्-फुप्फुस यंत्राच्या अगदी आरंभापासून त्याच्या सोबत होते. पुढे ते मागे का पडले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

शीतनिद्रा व शांत आलेख : त्याचे एक कारण नव्या शस्त्रक्रिया-पद्धतीत दडलेले आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील चार्ल्स ड्रू यांनी १९५९ मध्ये शरीर सुमारे १५° से. पर्यंत थंड करून अभिसरण पूर्ण थांबविण्याची पद्धत मांडली. जपानमध्ये क्योटो येथे हिकासा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अर्भकांसाठी वापरली (१९६७) आणि न्यूझीलंडमधील ऑक्लंडच्या ग्रीन लेन रुग्णालयात ब्रायन बॅरट-बॉइझ यांनी १९६९ पासून तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. भूल दिलेल्या अर्भकाभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवून त्याचे शरीर प्रथम बाहेरून थंड करीत. नंतर यंत्राने रक्तच थंड करीत. तापमान सुमारे २०° से.च्या आसपास आले की यंत्र बंद करून शरीरातील रक्त काढून घेत व हृदयातील नळ्याही बाहेर काढीत. अक्रोडाएवढे ते हृदय स्थिर, रिकामे व मोकळे असे शल्यचिकित्सकाच्या हाती येई आणि पाऊण ते एक तासाचा अवधी मिळे. जन्मजात दोषांची दुरुस्ती काही वर्षे पुढे न ढकलता पहिल्या काही आठवड्यांत करणे या पद्धतीमुळेच शक्य झाले. साऊँ पाउलू येथील आदिब झातेने यांनी १९७५ मध्ये महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांची अदलाबदल करून दाखविल्यावर तर नवजात अर्भकावरील गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांना नवे दालन खुले झाले.

थंड होत जाणाऱ्या मेंदूचा आलेख ठराविक क्रमाने बदलतो. लाटा प्रथम संथ होतात. मग अधूनमधून येणारे उद्रेक व त्यांमधील वाढत जाणारे विराम दिसतात. शेवटी आलेख सपाट होतो. फिलाडेल्फिया येथे प्रौढ रुग्णांवर केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत ही पूर्ण शांतता सरासरी १७·८° से. ला आढळली. परंतु व्यक्तिव्यक्तींमध्ये फरक इतका होता की, केवळ तापमापकावरून शांतता आली असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. अन्यत्र सपाट आलेख म्हणजे मृत्यूची शंका. येथे मात्र तो शल्यचिकित्सकाला दिलेला परवाना. मेंदूचे काम थांबले आहे म्हणजे त्याची गरज कमीत कमी आहे, असा त्याचा अर्थ घेतला जाई. मात्र ही शांतता एकदा आली की आलेख मुका होतो. पुढील पाऊण तासात मेंदूत काय घडत आहे, याविषयी तो काहीच सांगू शकत नाही. बोलू लागतो तो पुन्हा ऊब दिल्यानंतर. प्रस्तुत विषयाच्या इतिहासातील बराचसा गोंधळ ही मर्यादा न ओळखल्यामुळे झाला, असे म्हणता येईल.

दुसरे कारण व्यावहारिक होते. हृदयाचा विद्युत् संकेत सुमारे एक मिलिव्होल्ट (व्होल्टचा हजारावा भाग) असतो, तर मेंदूचा काही दशक मायक्रोव्होल्ट (व्होल्टचे दशलक्षांश भाग) इतकाच. शस्त्रक्रियागृहात रक्तवाहिन्या डागण्याचे विद्युत् उपकरण चालू झाले की संपूर्ण आलेख पुसून जाई. यंत्राच्या फिरत्या पंपाचे ठोकेही त्यात उमटत. अर्भकाचे इवलेसे डोके, त्यावरची चिकटवलेली अनेक अग्रे, सेकंदाला ३ सेंमी. वेगाने धावणारा कागद आणि तो वाचणारा तज्ज्ञ, एवढा खटाटोप रोज करणे बहुतेक रुग्णालयांना परवडत नसे. यावर लंडन हॉस्पिटलमधील डग्लस मेनार्ड व पामेला प्रायर यांनी १९६९ मध्ये तोडगा काढला. त्यांच्या ‘सेरेब्रल फंक्शन मॉनिटर’मध्ये अग्रांची एकच जोडी पुरे. संकेतातील अतिमंद व अतिजलद भाग गाळून उरलेल्याची फक्त उंची नोंदली जाई व कागद तासाला अवघा ६ सेंमी. सरके. अनुभवी परिचारिकेलाही वाचता यावा असा एक जाड पट्टा त्यावर उमटे. पट्टा रुंद व वर असेल तर ठीक. तो अचानक अरुंद होऊन खाली गेला तर काहीतरी बिघडले. लंडनच्याच ब्रॉम्प्टन रुग्णालयात मार्गारेट ब्रँथवेट यांनी १९७३ मध्ये या उपकरणाचा उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियांतील उपयोग प्रसिद्ध केला. पुढे हेच उपकरण, सुधारलेल्या रूपात, जन्मतः गुदमरलेल्या अर्भकांच्या अतिदक्षता विभागात जगभर पोहोचले. हृद्विकारी अर्भकांकडे ते त्या वळणाने परत आले, हे थोडे विलक्षणच.

बॉस्टनची चाचणी : १९८० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले आणि वाचलेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. अभिसरण पूर्ण थांबवावे की यंत्राने थोडासा प्रवाह चालू ठेवावा, याविषयी शल्यचिकित्सकांत तीव्र मतभेद होते. पहिल्या पद्धतीत काम स्वच्छ व जलद होई, दुसरीत मेंदू उपाशी राहत नसे. पण यंत्राशी रक्ताचा संपर्क लांबे व त्याचेही स्वतंत्र धोके होते. प्रत्येक जण आपल्या अनुभवाची ग्वाही देई. हा वाद अनुभवाने मिटणारा नव्हता, कारण अपाय वर्षांनंतर दिसणारा होता.

बॉस्टनच्या बालरुग्णालयातील जेन न्यूबर्गर, रिचर्ड जोनास, डेव्हिड बेलिंजर व त्यांचे सहकारी यांनी १९८८ ते १९९२ या काळात महारोहिणी व फुप्फुस-रोहिणी यांची स्थाने उलटी असलेली तीन महिन्यांखालील १७१ अर्भके निवडली. आईबापांच्या संमतीने, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, काहींना पूर्ण अभिसरणरोध व काहींना वजनाच्या दर किग्रॅ.ला मिनिटास ५० मिलि. असा मंद प्रवाह अशी विभागणी केली. सर्व अर्भकांना सुमारे १८° से. पर्यंत थंड केले होते. शस्त्रक्रियेपूर्वी, तिच्या वेळी आणि नंतर ४८ तासांपर्यंत विद्युत् मस्तिष्कालेख घेतला गेला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. अभिसरण थांबविलेल्या गटात आलेखावर पहिली लाट परत येण्यास अधिक वेळ लागला, आणि आचक्यांचे (मेंदूतील अनियंत्रित विद्युत् उद्रेकांमुळे येणाऱ्या झटक्यांचे) प्रमाण जास्त होते. ज्यांच्यात आचके आलेखावर नोंदले गेले अशी अर्भके जवळजवळ पंचमांश होती. डोळ्यांना झटके दिसलेली मात्र त्यांहून पुष्कळच कमी. शस्त्रक्रियेनंतर अर्भकाला स्नायू शिथिल करणारी व गुंगी आणणारी औषधे दिलेली असतात. मेंदूत वादळ चालू असते व हातपाय निश्चल पडलेले असतात. पाळण्याशेजारी रात्रभर बसलेल्या परिचारिकेला किंवा आईला त्यातले काहीच कळण्याचा संभव नसतो.

या चाचणीचे खरे मोल तिच्या चिकाटीत आहे. एक वर्षाच्या वयात १५५ मुलांची तपासणी केली, तेव्हा अभिसरणरोधाच्या गटातील मुलांचे कारक विकासाचे (हालचालींवरील ताब्याचे) सरासरी गुण दुसऱ्या गटापेक्षा ६·५ ने कमी भरले. ८० किंवा त्याहून कमी गुण मिळालेली मुले पहिल्या गटात २७%, तर दुसऱ्या गटात १२% होती. ज्यांच्या आलेखावर आचके उमटले होते त्यांच्यात हालचालींचा विकास अधिक मागे होता व मेंदूच्या चुंबकीय प्रतिमेत दोष अधिक आढळले. आठव्या वर्षी चित्र गुंतागुंतीचे झाले. अभिसरणरोधाच्या गटात हालचाली व उच्चार यांत उणीव राहिली, तर मंद प्रवाहाच्या गटातील मुले शिक्षकांच्या मते अधिक उतावळी होती. कोणतीच पद्धत निर्दोष ठरली नाही. या मुलांच्या माहितीवरून काढलेला एक आकडा मात्र शस्त्रक्रियागृहांत घर करून राहिला. अभिसरण थांबविण्याचा काळ सुमारे ४१ मिनिटांपर्यंत असेल, तर अपाय फारसा वाढत नाही. त्यापुढे तो वाढत जातो. फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयात आलेखावरील आचके मोजून २००५ मध्ये वेगळ्या मार्गाने काढलेली मर्यादाही ४० मिनिटे अशीच आली.

सोळाव्या वर्षी १३९ जणांची पुन्हा तपासणी झाली (२०११). तोवर दोन्ही गटांमधील फरक जवळजवळ मावळला होता. परंतु दोन्ही गट मिळून त्यांच्या वयाच्या सर्वसामान्य मुलांपेक्षा अनेक बाबतींत मागे होते. मेंदूच्या प्रतिमेतील दोष त्यांच्यांत ३३%, तर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी मुलांत ४% आढळले. वैद्यकीय घटकांपैकी वाईट परिणामांशी सर्वांत सातत्याने निगडित असलेला घटक होता तो शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत आलेले आचके. पाळण्यात असताना कागदावर उमटलेल्या रेषांचा सोळा वर्षांनंतरच्या स्मरणशक्तीशी व आकलनाशी असा संबंध जोडला जावा, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात फारशी आढळत नाही.

रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाचा वाद : आलेखाने आणखी एका वादात साक्ष दिली. रक्त थंड झाले की त्यात कार्बन डाय-ऑक्साइड अधिक विरघळतो, त्याचा दाब उतरतो व रक्त क्षारधर्मी बनते. बेडूक, साप इ. थंड रक्ताच्या प्राण्यांत हे असेच घडते, म्हणून ते तसेच राहू द्यावे, असा एक पक्ष होता. शीतनिद्रा घेणारे सस्तन प्राणी मात्र हा वायू साठवून ठेवतात, म्हणून यंत्रातून तो थोडा वाढवून द्यावा, असे दुसरा पक्ष म्हणे. प्रौढांच्या शस्त्रक्रियांतील अनुभवावरून १९८० नंतर अनेक रुग्णालयांनी पहिला मार्ग धरला. पण पुढे काही अर्भकांत हातापायांच्या अनैच्छिक, वळवळत्या हालचालींचा विकार दिसू लागला व शंका निर्माण झाली. कार्बन डाय-ऑक्साइडाने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मेंदू खोलवर व सारखा थंड होतो. तो नसेल तर वरचा भाग थंड व आतला उबदार राहण्याची भीती असते. बॉस्टन येथेच नऊ महिन्यांखालील १८२ अर्भकांवर चाचणी होऊन १९९७ मध्ये निकाल आला. वायू वाढविलेल्या गटात अभिसरणरोधानंतर आलेख लवकर परत आला आणि आचक्यांचे प्रमाणही कमी असल्याचे दिसले, जरी हा दुसरा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. अर्भकाला प्रौढाची लहान प्रतिकृती समजण्याची चूक येथेही झाली होती.

प्रकाश व ध्वनी : आलेख मुका होतो त्या काळात पाहण्याचे साधन दुसऱ्या दिशेने आले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखविले की, तांबड्याच्या लगतचा अवरक्त प्रकाश (७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा) कातडी व हाड भेदून मेंदूपर्यंत पोहोचतो. हीमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त आहे की ऑक्सिजनरहित, यानुसार त्याचे शोषण कमी-अधिक होते. अर्भकाच्या पातळ कवटीमुळे हे तंत्र त्याला विशेष लागू पडते. कपाळावर चिकटवलेल्या पट्टीतून मेंदूच्या त्या भागातील रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता टक्केवारीत सतत वाचता येऊ लागली. बेर्न येथील रुने ऑस्लिड यांनी १९८२ मध्ये श्राव्यातीत तरंगांनी कवटीतून मेंदूच्या रोहिणीतील प्रवाह मोजला. अर्भकात त्यासाठी अजून न भरलेली टाळू ही निसर्गानेच ठेवलेली खिडकी आहे. प्रकाशीय तंत्र वापरण्यास सोपे, म्हणून शस्त्रक्रियागृहांत तेच अधिक रुळले. त्याने कळतो तो पुरवठा आणि खप यांमधील तोल. मेंदू प्रत्यक्ष काय करीत आहे, हे कळत नाही.

अशा निरीक्षणाने मुलांचे खरोखर भले होते काय? केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे ही तिन्ही तंत्रे एकत्र वापरून २५० मुलांची नोंद ठेवली गेली (१९९७). त्यांपैकी १७६ जणांत लक्षात घेण्याजोगा बदल आढळला. बदल दिसताच प्रवाह वाढविणे, सरकलेली नळी नीट करणे असा उपाय केलेल्या १३० मुलांपैकी ७ जणांत पुढे तंत्रिका तंत्राचे दोष आढळले. बदल दिसूनही उपाय न झालेल्या ४६ पैकी १२ जणांत ते आढळले. आकडे बोलके आहेत खरे, पण ही विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. ज्यांच्याबाबत उपाय करता आला नाही ती मुले मुळातच अधिक आजारी असू शकतील. मेंदूला स्वतंत्र नळीने रक्त देऊन महारोहिणीच्या कमानीची दुरुस्ती करण्याची पद्धत १९९० नंतर पुढे आली, तेव्हाही प्रकाशीय आकडे सुधारले म्हणून पुष्कळ जण हरखले होते. मिशिगन येथे ७७ अर्भकांवर झालेल्या चाचणीत (२००७) मात्र एक वर्षाच्या वयात तिचा लाभ दिसून आला नाही. पडद्यावरील आकडा सुधारणे व मूल सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आतापर्यंतच्या इतिहासावरून निरीक्षणाचे मोठे यश धोक्याची घंटा म्हणून नव्हे, तर दोन पद्धतींची तुलना करण्याचे माप म्हणून दिसते. बॉस्टनच्या आलेखांनी त्या रात्री एखाद्या अर्भकाचा मेंदू वाचविला, असा दावा कोणी केलेला नाही. त्यांनी वाचविले ते नंतर आलेल्यांना.

अदृश्य आचके : फिलाडेल्फियातील १७८ अर्भकांच्या मालिकेत ११% जणांत आलेखावर आचके आढळले. एक वर्षाच्या वयात या मुलांच्या विकासावर त्यांचा सर्वसाधारण परिणाम दिसला नाही आणि बॉस्टनच्या निष्कर्षांवर प्रश्नचिन्ह लागले; पण चार वर्षांच्या वयात कामांची आखणी करण्याची क्षमता व इतरांत मिसळणे यांत ती मागे असल्याचे दिसले. उणीव असूनही ती लवकर मोजता येत नव्हती, असा याचा अर्थ दिसतो. अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीने २०११ मध्ये नवजात अर्भकांच्या अखंड विद्युत् मस्तिष्कालेखनाविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत हृद्-फुप्फुस यंत्रावरील शस्त्रक्रियेनंतरच्या अर्भकांचा समावेश होता. त्यानुसार नियमित नोंद सुरू केल्यावर फिलाडेल्फिया येथे १६१ पैकी १३ अर्भकांत आचके सापडले (२०१५). त्यांपैकी ११ जणांत बाहेरून कोणतेही लक्षण नव्हते, आणि निम्म्याहून अधिक जणांत ते थांबत नसलेल्या, सलग स्वरूपाचे होते. अशी सोय असणारी रुग्णालये जगात थोडी आहेत. अग्रे लावणारा तंत्रज्ञ व रात्री आलेख वाचणारा तज्ज्ञ हे यंत्रापेक्षा दुर्मिळ असतात. ज्या देशांत हृद्विकारी अर्भकाला शस्त्रक्रियेची तारीख मिळणे हेच कठीण, तेथे हा पट्टा किंवा प्रकाशीय पट्टीच काय ती हाती असते.

शस्त्रक्रियागृहावर आलेला सर्व ठपका मात्र त्याचा नव्हे, हेही याच निरीक्षणातून उघड झाले. सान फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २००७ मध्ये ४१ हृद्विकारी अर्भकांच्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा शस्त्रक्रियेपूर्वीच घेतल्या, तेव्हा त्यांच्या मेंदूची जडणघडण निरोगी अर्भकांपेक्षा मागे असल्याचे दिसले. पुढील अभ्यासांत पूर्ण दिवसांच्या अशा अर्भकाचा मेंदू सुमारे एक महिना अपरिपक्व असल्याचा अंदाज आला. गर्भावस्थेतच सदोष हृदयामुळे मेंदूला जाणारे रक्त किंवा त्यातील ऑक्सिजन कमी पडत असावा, असे याचे स्पष्टीकरण देतात. आलेखावरील पहिली रेषा उमटण्यापूर्वीच कथेचा काही भाग घडून गेलेला असतो. म्हणून अलीकडे अग्रे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच लावून मूळ आलेख घेण्याकडे कल आहे, आणि गर्भाच्या मेंदूच्या प्रतिमा मातेच्या पोटातच घेऊन त्याची वाढ पाहण्याचे प्रयत्न चालू आहेत.